पूनमला दिसलं ते

इशरत मुलाणी दौंडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मानसशास्त्र शिकवायची. घर शिरूरला. तिथं तिची आई नूरबी ब्लाउज शिवून एकटी राहायची. इशरत आठवडाभर दौंडात स्टेशनजवळच्या भाड्याच्या खोलीत असायची आणि शनिवारी दुपारच्या एसटीनं घरी जायची. नोकरीचं हे तिसरं वर्ष होतं. दर जूनला नवा अर्ज, नवी मुलाखत, आणि पुढच्या वर्षी कायम करायचं बघू हे प्राचार्यांचं ठरलेलं वाक्य. तरी ती जीव लावून शिकवायची. एफ.वाय.च्या पोरापोरींना वाटायचं, मानसशास्त्र म्हणजे समोरच्याच्या मनातलं ओळखणं. तो गैरसमज काढण्यातच पहिले पंधरा दिवस जायचे. पुढं मात्र वर्ग रमायचा, कारण इशरत पुस्तकातले प्रयोग वाचून न दाखवता करून दाखवायची. टेबलावरची घंटी वाजवून लिंबाची फोड दाखवायची, असं आठदा करायची, आणि नवव्यांदा नुसती घंटी वाजवली की अख्ख्या वर्गाच्या तोंडाला पाणी सुटायचं.

ऑगस्टमध्ये ‘अनुरूपता’ हा धडा आला. चारचौघं एक म्हणाले की आपणही तेच म्हणायला लागतो, त्याचा धडा. त्यातला प्रयोग सोपा आहे. तक्त्यावर डावीकडं एक रेघ, उजवीकडं अ, ब, क अशा तीन रेघा. डावीकडच्या रेघेएवढी उजवीकडची कोणती, एवढंच सांगायचं. आठ जण ओळीनं बसवायचे. त्यातल्या सात जणांना आधीच पढवून ठेवायचं, की दोन फेऱ्या खरं सांगा, मग सगळे मिळून एकच चुकीचं उत्तर द्या. आठव्याला यातलं काही माहीत नसतं.

आठवी म्हणून इशरतनं पूनमला निवडलं. वरवंडहून येणारी ही मुलगी पहिल्या बाकावर बसायची. फार बोलायची नाही. पण फळ्यावर इशरतच्या हातून एखादं साल चुकलं तर बाकीचे तसंच उतरवून घ्यायचे आणि पूनम हात वर करून चूक दाखवायची. इशरतला वाटलं, ही झुकणार नाही. एकटं पडूनही न झुकणारं माणूस वर्गानं डोळ्यांनी बघितलं, तर धडा पक्का बसेल. मे महिन्यात पूनमची वहिनी शेततळ्यात पाय घसरून गेली, एवढं इशरतच्या कानावर होतं. त्यापलीकडं तिनं काही विचारलं नव्हतं.

तिसऱ्या फेरीला सातही जणांनी ‘ब’ म्हटलं. रेघ उघड उघड ‘क’ होती. पूनम चमकली, पण ‘क’च म्हणाली. चौथ्या फेरीला तिनं पुन्हा आपलंच सांगितलं, आवाज जरा बारीक. पाचव्या वेळी ती तक्त्याकडं न बघता शेजारच्यांच्या तोंडाकडं बघायला लागली आणि खरं उत्तर द्यायला तिला खूप वेळ लागला. सहाव्या वेळी तिनं ओढणीला तळहात पुसले आणि खाली बघत त्या सातांचंच उत्तर दिलं, “ब.”

वर्ग हसला. मागच्या बाकांवरून टाळ्या पडल्या. तेवढ्यात तास संपल्याची बेल झाली. हाच प्रयोग दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तुकडीवर करायचा होता, म्हणून इशरतनं त्या सात जणांना उद्यापर्यंत तोंड उघडायचं नाही असं बजावलं होतं. प्रयोग संपला की ज्याच्यावर केला त्याला तिथल्या तिथं सगळं खरं सांगायचं, त्याचं मन ताळ्यावर आणायचं, मगच त्याला सोडायचं, हा या शास्त्राचा पहिला नियम. इशरतनं तो परीक्षेत दहा मार्कांना लिहिला होता.

पूनम टेबलाशी आली. तिनं विचारलं, “मॅडम, म्हंजी माणसाच्या डोळ्याला धडधडीत चुकीचं दिसू शकतं?”

इशरत तक्ता गुंडाळत होती. “दिसू शकतं की,” ती म्हणाली. “उद्या त्यावरच बोलायचंय.”

दुसऱ्या दिवशी इशरतनं सगळं फोड करून सांगितलं. सात जण उठून उभे राहिले, पुन्हा हशा झाला. पूनम मात्र आली नव्हती. ती त्या आठवड्यात आली नाही, पुढच्याही नाही. इशरतनं हजेरीपटावर गैरहजेरी मांडली आणि पुढचा धडा घेतला.

पंधरा-वीस दिवसांनी कॉलेजचा शिपाई एका बाईला घेऊन स्टाफरूमच्या दारात आला. पन्नाशीची, नऊवारी, पायात रबरी चप्पल, हातात पिशवी. तिनं आत न येताच विचारलं, “मनाचं शिकवणाऱ्या बाई तुम्हीच का?”

तिचं नाव गिताबाई. शिरूर तालुक्यातल्या निमोण्याहून ती तीन गाड्या बदलून आली होती. इशरतनं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. पाण्याला हात न लावता गिताबाई सांगू लागली. तिची एकुलती एक लेक समृद्धी, तिला वरवंडला दिली होती. जावई पप्पू. तीन वर्षं संसार झाला. पप्पू संशयी, लेक फोनवर कोणाशी बोलते यावरून मारायचा. मे महिन्यात निरोप आला की समृद्धी शेततळ्यात पडली. तळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, त्यावर पाय ठरत नाही, आत गेलेलं माणूस धरायला काही नसल्यानं वर येत नाही. त्यासाठीच काठाला खुंटीला दोर बांधून ठेवतात. सासरची माणसं म्हणाली, त्या वेळी मळ्यात कोणीच नव्हतं, पप्पू पाटसला पंपावर डिझेल आणायला गेला होता. पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली.

“ऑगस्टात तिच्या नणंदेचा, पूनमचा, मला फोन आला,” गिताबाई म्हणाली. “म्हणली, मावशी, मला त्या दिवशीचं काय तरी सांगायचंय, फोनवर नको, रविवारी येते. मी दोन रात्री जागून काढल्या. आन् शनिवारीच तिचा परत फोन. म्हणली, मावशी, मला चुकीचं दिसलं हुतं. मॅडमनी सगळ्या वर्गाम्होरं दाखवलं, माझं डोळं चुकत्यात.”

गिताबाईनं पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

“तुम्ही त्या पोरीला काय दाखवलंत, बाई?”

इशरतनं सगळं सांगितलं. रेघा, सात जण, बेल. काही लपवलं नाही.

“म्हंजी पोरीचं डोळं चांगलं हायेत,” गिताबाई शेवटी म्हणाली.

“चांगले आहेत.”

“मग हे तिला सांगा. मला सांगून काय?”

दोन दिवसांनी इशरत वरवंडला गेली. अंतर्गत परीक्षा जवळ आली, हजेरी कमी पडतेय, असं निमित्त तिनं ठरवून ठेवलं होतं. रस्त्याला लागून स्लॅबचं घर, दारात ट्रॅक्टर. पूनमचे वडील जयसिंग सोसायटीचे संचालक. त्यांनी अदबीनं बसवलं, पंखा लावला, चहा सांगितला. पूनमची आई उंबऱ्याशी बसली, चुलते खाटेवर, आणि पप्पू मोबाइल बघत भिंतीला टेकून उभा राहिला. पूनमनं चहा आणला. तिनं मान वर केली नाही. ती आत जायला वळली तेव्हा जयसिंगांनी तिला थांबवलं.

ते म्हणाले की पोरीनं वहिनी गेल्याची धास्ती घेतलीय. दोघी मैत्रिणीसारख्या होत्या. ह्या धक्क्यानं हिच्या डोक्यात कायबाय येतं, म्हणून घरीच ठेवलीय. ती म्हणते, भाऊ तिथं उभा होता. पप्पू पाटसला होता हे त्यांना ठाऊक, आईला ठाऊक, चुलत्याला ठाऊक, पंपावरच्या पोरालाही ठाऊक. आई म्हणाली, व्हय, जेवून गेला हुता तो. चुलता म्हणाला, लांबून उन्हात माणूस वळखू येतो का कुठं. सगळे शांतपणे बोलत होते. कोणाचाच आवाज चढला नव्हता.

“तुम्ही शिकल्यासवरल्या, ह्याच विषयातल्या,” जयसिंग इशरतला म्हणाले. “तुमच्या शास्त्रात हाय का न्हाई असं? धक्का बसला की माणसाला भास व्हतो. तुम्हीच सांगा तिला, म्हंजी तिचा जीव तरी निवांत हुईल.”

पंखा फिरत होता. इशरतनं कप खाली ठेवला. पप्पूनं मोबाइल खिशात ठेवला होता. अनोळखी गाव, अनोळखी घर, आणि शेवटची गाडी कधी सुटते हे तिला माहीत नव्हतं. पूनम पहिल्यांदाच तिच्याकडं बघत होती, फळ्याकडं बघावं तशी.

“होतो,” इशरत म्हणाली. “कधीकधी होतो असा भास.”

पूनमनं रिकामे कप गोळा केले आणि ती आत गेली.

जयसिंगांनी फाट्यापर्यंत गाडीनं सोडायची व्यवस्था केली. इशरत नको म्हणाली आणि चालत निघाली. दौंडच्या एसटीत बसल्यावर तिनं मनात फेऱ्या मोजल्या. वर्गातल्या पूनमला निदान माहीत नव्हतं की सात जण ठरवून खोटं बोलताहेत. इशरतला समोरच्या प्रत्येकाचं खोटं कळत होतं, आणि पूनम तीन फेऱ्या टिकली होती तिथं ती एकाच फेरीत झुकली होती. त्या रात्री ती जेवली नाही. शनिवारी शिरूरला गेल्यावर तिनं नूरबीला सांगितलं. नूरबीनं हातातलं बटण लावून घेतलं आणि मग ती म्हणाली, की तू तिथं घाबरलीस हे मला समजतं, पण ती पोर तिथंच राहते.

परीक्षेला पूनम आली, कारण पेपर बुडवला तर नातेवाईक आणि कॉलेज दोन्हीकडं चर्चा झाली असती. पप्पूनं तिला मोटरसायकलवरून आणलं आणि तो गेटाबाहेर थांबला. पर्यवेक्षण इशरतकडं होतं. अर्धा तास झाल्यावर तिनं दुसऱ्या सरांना वर्गावर उभं केलं आणि पूनमला ग्रंथालयामागच्या खोलीत नेलं.

तिनं फार प्रस्तावना केली नाही. म्हणाली, “त्या दिवशी तुझी सगळी उत्तरं बरोबर होती. शेवटचं सोडून. सातही जण खोटं बोलत होते, आणि मीच त्यांना ते शिकवलं होतं. तुला मी तेव्हाच सांगायला हवं होतं. आणि तुझ्या घरी मी जे म्हणाले तेही खोटं. मी घाबरले होते.”

पूनमनं विचारलं, “सातही जण?”

“सातही.”

“राधिका पण?” राधिका तिची बसमधली सोबतीण.

“राधिका पण.”

पूनम खाली फरशीवरच बसली. इशरत तिच्या शेजारी बसली. इशरतनं तिला आणखी एक गोष्ट सांगितली, जी धड्याच्या शेवटच्या परिच्छेदात आहे आणि जी बेल झाल्यामुळं राहिली होती. त्या प्रयोगात सातांपैकी एकानं जरी खरं उत्तर दिलं, तरी आठवा माणूस सहसा झुकत नाही. मग ती म्हणाली, “तुला दिसलं ते खरं आहे असं मी म्हणत नाही, मी तिथं नव्हते. पण तू सांगशील तिथं मी शेजारी बसेन.”

मग पूनम बोलली. ती त्या दुपारी शेळ्यांना घास कापायला मळ्याच्या पल्याडच्या बांधावर होती. दादा आणि वहिनीचं तळ्याच्या काठावर भांडण चाललं होतं. ते रोजचंच, म्हणून तिनं लक्ष दिलं नाही. मग पाण्याचा आवाज आला. ढकललं की पाय घसरला, ते तिनं बघितलं नाही. बघितलं ते एवढंच, की वहिनीचे हात कागदावर येत होते आणि सरकत होते, येत होते आणि सरकत होते, आणि दादा काठावर उभा होता. दोर त्याच्या पायाशी होता. तो उभाच राहिला. मग हात यायचे थांबले, तेव्हा तो मोटरसायकलवर बसून पाटसच्या बाजूला गेला.

“कपडे कोणते होते त्याचे?” इशरतनं विचारलं.

“मॅडम, तो माझा भाऊ हाय,” पूनम म्हणाली. “कपड्यावरनं कशाला वळखू?”

दोघी ग्रंथालयाच्या मागच्या दारानं बाहेर पडल्या. रिक्षा केली, ठाण्यात गेल्या. पूनम एकोणीस वर्षांची होती, तिला कोणाची परवानगी लागत नव्हती. जबाब तीन तास चालला. इशरत बाहेर बाकावर बसून होती. तिचा फोन वाजत राहिला, आधी कॉलेजमधून, मग अनोळखी नंबरांवरून. संध्याकाळी पूनम बाहेर आली तेव्हा तिला घरी जायला घर उरलं नव्हतं. इशरतनं गिताबाईला फोन लावला. गिताबाई म्हणाली, घेऊन या.

पुढं जे झालं ते सांगायला सोपं आहे, सोसायला नव्हतं. आठवड्यानं पूनमचा न्यायाधीशांपुढं जबाब झाला आणि पप्पूला अटक झाली. तीन महिन्यांत तो जामिनावर सुटला. कॉलेजनं इशरतला दिवाळीनंतर तास नसल्याचं कळवलं. प्राचार्य वाईट माणूस नव्हते, त्यांनी चहा पाजून सांगितलं. मुलाणी बाईंनी मराठ्याची पोर फूस लावून नेली, अशी आवई उठली, मोबाइलवरून फिरली, आणि दोन महिने नूरबीकडं ब्लाउज शिवून घ्यायला येणाऱ्या बायकांची संख्या निम्म्यावर आली. नूरबीनं ह्यावर लेकीला एक अक्षर विचारलं नाही. पूनमच्या आईनं मात्र निरोप पाठवला, की मला लेक न्हाई.

निमोण्यातही पूनमला कोणी ओवाळून घरात घेतलं नव्हतं. गिताबाईनं तिला समृद्धीची गोधडी दिली, दोन वेळा ताट वाढलं. आणि साधारण महिनाभरानं, कांदा निवडता निवडता, तिनं तो प्रश्न विचारला जो दोघींच्या मधे पहिल्या दिवसापासून होता. तू बांधावर हुतीस, तर वरडली का न्हाईस?

पूनम ओरडली नव्हती. पळालीही नव्हती. खुरपं हातात धरून ती तिथंच खाली बसली होती, सगळं संपेपर्यंत आणि संपल्यावरही. गिताबाई त्यानंतर चार दिवस तिच्याशी बोलली नाही. रविवारी इशरत तिला बाहेरून द्यायच्या परीक्षेची पुस्तकं घेऊन आली तेव्हा पूनमनं तिला विचारलं, की असं गोठून जायला शास्त्रात काय नाव आहे. इशरतला नाव माहीत होतं. ते तिनं सांगितलं, आणि असं पुष्कळांचं होतं हेही सांगितलं. पूनमनं ते वहीत लिहून घेतलं नाही. पाचव्या दिवशी गिताबाई तिला म्हणाली, जेवून घे, पोळी गार हुतीय.

खटला उभा राहायला दोन वर्षं गेली. पूनम साक्षीला उभी राहिली तेव्हा समोरच्या बाकावर तिचे आई, वडील, चुलता बसले होते. त्यांनी नंतर आळीपाळीनं पिंजऱ्यात उभं राहून पप्पू पाटसला होता असं सांगितलं. पंपावरच्या पोरानंही सांगितलं. बचावाच्या वकिलानं पूनमला विचारलं, की तुमच्याच बाईंनी वर्गात सिद्ध केलं होतं ना, की तुम्हाला चुकीचं दिसतं? ते कॉलेजातल्या कोणाकडून तरी त्यानं शोधून काढलं होतं. मग इशरतला पिंजऱ्यात बोलावलं गेलं. ह्या वेळी ती झुकली नाही. तिनं प्रयोग जसा होता तसा सांगितला, आपली चूक सांगितली, वरवंडच्या घरात आपण काय म्हणालो आणि का म्हणालो तेही सांगितलं. वकिलानं हसून एवढंच म्हटलं, म्हणजे बाई, तुम्ही प्रसंग पडला की खोटं बोलता. इशरत हो म्हणाली. एकदा बोलले.

निकाल फेब्रुवारीत लागला. एकाच साक्षीदाराचा जबाब, तोही साडेतीन महिने उशिरा, दुजोरा देणारा पुरावा नाही. संशयाचा फायदा देऊन पप्पूची निर्दोष सुटका झाली. बाहेर त्याच्या मित्रांनी गुलाल आणला होता, पण जयसिंगांनी तो उधळू दिला नाही. ते जाताना पूनमच्या समोरून गेले. थांबावं असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांची चाल मंदावली. मग ते गेले.

तिघी एसटीनं निमोण्याकडं परतीला लागल्या. गाडीला गर्दी नव्हती. गिताबाई खिडकीशी, मधे पूनम, कडेला इशरत. चौफुला गेलं, केडगाव गेलं. न्हावऱ्याच्या अलीकडं उसाच्या गाड्यांमुळं एसटी थांबली, तेव्हा गिताबाईनं खिडकीबाहेर बघतच विचारलं, “तिनं हाक मारली का गं कुणाला?”

हा प्रश्न ठाण्यात कोणी विचारला नव्हता, कोर्टातही नाही. पूनमनं इशरतकडं बघितलं. सांगायचं की नाही, हे ठरवायचा हक्क इशरतचा नव्हता.

“मारली,” पूनम म्हणाली. “दादाला. अहो, दोर टाका म्हणत हुती. अहो, अहो करत हुती शेवटपर्यंत.”

गिताबाईनं पदराचं टोक तोंडावर धरलं. गाडी हलली. न्हावऱ्याला निमोण्याची गाडी लागलेली होती, तिघींना ती पळत जाऊन पकडावी लागली.